न्यूझीलंडचा फ्लॅक्स दिवेआगरच्या अंगणात

तलवारीच्या पात्यासारखी लांब, ताठ पाने आणि त्यांवर पिवळे, गुलाबी, तांबूस किंवा जवळजवळ काळसर जांभळे पट्टे असे एक झुडूप बागकामाच्या पुस्तकांतील छायाचित्रांत वारंवार दिसते. न्यूझीलंड फ्लॅक्स हे त्याचे बाजारातील नाव; शास्त्रीय नाव फॉर्मियम. फुलांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही, पानेच बारा महिने रंग देतात, छाटणीचा व्याप नाही आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला ते सहसा दाद देत नाही, अशी त्याची कीर्ती आहे. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, ऐन किनाऱ्यावर वसलेल्या दिवेआगरसारख्या गावात घरापुढे रंग हवा असणाऱ्यांना हे वर्णन मोहात पाडणारे आहे. खारा वारा सोसणारे झाड म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी काय हवे? परंतु खारा वारा ही किनाऱ्यावरची एकच अडचण नव्हे. मे महिन्यातील रात्र आणि जुलैमधील पाऊस या आणखी दोन आहेत, आणि फॉर्मियमचा निकाल त्या दोहोंवरच लागतो.

दिवेआगरात हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. किनाऱ्यावरच्या सुरूंचीही तीच गत झाली. नवी पोफळ लावली तर फळ धरायला साधारण ५ ते ७ वर्षे जातात. या गावातील कितीतरी घरे वाडी आणि पर्यटक या दोन उत्पन्नांवर चालतात. त्यांपैकी एक मोडले की भार दुसऱ्यावर येतो, आणि पाहुण्याच्या नजरेस प्रथम पडणारे अंगण नीटनेटके, रंगीत असावे असे घरमालकाला वाटू लागते. अशा वेळी बाहेरून मागविलेले महागडे रोप पहिल्याच श्रावणात कुजून गेले, तर पैसे जातातच, शिवाय एक वर्ष हातचे जाते. म्हणून हे झाड मुळात कोठले, त्याला काय मानवते आणि दिवेआगरच्या पुळणीत त्याच्या जागी दुसरे काय लावता येईल, हे रोप आणण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

नाव जवसाचे, कूळ निराळे

फ्लॅक्स म्हणजे वास्तविक जवस, अर्थात अळशी. विदर्भ-मराठवाड्यात रब्बीत घेतले जाणारे, निळ्या फुलांचे, चटणीसाठी आणि तेलासाठी परिचित असलेले हे पीक. त्याच्या खोडाच्या सालीतील तंतूंपासून लिननचे कापड होते. न्यूझीलंड फ्लॅक्सचा या जवसाशी काडीचाही संबंध नाही. अठराव्या शतकात युरोपीय खलाशी न्यूझीलंडला पोहोचले तेव्हा तेथील माओरी लोक एका रानझुडपाच्या पानांतून चिवट, रेशमासारखा तंतू काढून वस्त्रे, दोर, जाळी आणि टोपल्या करीत असल्याचे त्यांना दिसले. ओळखीचा तंतू आठवला आणि ओळखीचे नाव चिकटले. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ मध्ये, जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर यांनी या वनस्पतीचे नमुने घेतले. फॉर्मियम हे नाव मात्र दुसऱ्या सफरीवरील फॉर्स्टर पिता-पुत्रांनी दिलेले. टोपली किंवा चटई अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे.

या वनस्पतीच्या दोनच जाती. फॉर्मियम टेनॅक्स ही मोठी. तिची पाने ३ मीटरपर्यंत लांब आणि फुलांचा दांडा त्याहूनही उंच जातो. माओरी भाषेत ती हाराकेके. फॉर्मियम कुकियानम ही लहान, लवचिक पानांची. तिचे नाव फारारिकी. बाजारात मिळणारे बहुतेक रंगीत वाण या दोहोंच्या निवडीतून किंवा संकरातून आले आहेत. पिवळ्या पट्ट्यांचा ‘यलो वेव्ह’, गुलाबी कडांचा ‘सनडाउनर’ अशी त्यांची नावे बागप्रेमींच्या ओठी असतात.

तंतूच्या लोभाने या झाडाने माणसांना बरेच फिरविले आहे. १७९३ मध्ये नॉरफोक बेटावरील इंग्रज वसाहतीसाठी दोन माओरी पुरुषांना पळवून नेण्यात आले. वसाहतीतील कैद्यांना हाराकेकेचा तंतू काढायला त्यांनी शिकवावे, हा हेतू. ते काम माओरी समाजात स्त्रियांचे, त्यामुळे या दोघांना त्यातले फारसे काही ठाऊकच नव्हते! त्यांना पुढे परत पोहोचविण्यात आले. अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर तर याच झाडाच्या लागवडीवर अनेक दशके गिरण्या चालल्या. कृत्रिम तंतू आल्यावर १९६६ मध्ये त्या बंद पडल्या आणि झाड मात्र डोंगरांवर तणासारखे माजून राहिले. अनुकूल हवा मिळाली की ते किती चिवट आहे याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

दलदलीत वाढणारे झाड पावसात का कुजते?

येथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. हाराकेके न्यूझीलंडमध्ये नदीकाठी, पाणथळीत, दलदलीत सुखाने वाढते. मग कोकणातील पावसाने त्याचे काय बिघडावे?

उत्तर पाण्याच्या प्रमाणात कमी आणि त्याच्या उष्णतेत अधिक आहे. मुळांना श्वास घ्यावा लागतो आणि त्यासाठी जमिनीतील पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २८ अंशांच्या पाण्यात तो ८ मिलिग्रॅमहूनही कमी. उलट तापमान चढले की मुळांची प्राणवायूची गरज वाढते, आणि त्याच ओल्या, उबदार मातीत कूज घडविणाऱ्या बुरशींनाही जोर चढतो. म्हणजे थंड दलदलीत जे मूळ निवांत असते, तेच जुलैतील कोमट चिखलात गुदमरते. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांत कोसळतो. ऑकलंडला वर्षाचा पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तोही बारा महिन्यांत विभागलेला.

दुसरी गोष्ट रात्रीची. झाड दिवसा साखर तयार करते आणि रात्री श्वसनात तिचा काही भाग खर्च करते. तापमान १० अंशांनी वाढले की हा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. ऑकलंडमध्ये ऐन उन्हाळ्यातही रात्र १५-१६ अंशांपर्यंत उतरते. दिवेआगरात मे महिन्यातील रात्र २५-२६ अंशांखाली क्वचितच जाते. थंड रात्रींचे हे झाड मग दिवसाची मिळकत रात्रीच संपवू लागते, नवी पाने आखूड येतात, रंग फिका पडतो. अशा अशक्त अवस्थेत ते मृगाला सामोरे जाते. कूज बहुधा गाभ्यापासून, म्हणजे पंख्यासारख्या पानांच्या बुडाशी पाणी साचते तेथून, सुरू होते. बाहेरची पाने हिरवीगार दिसत असतात आणि मधले कोवळे पान हाताने ओढताच अलगद निघून येते. त्याला वास येत असेल तर तो फणा वाचत नाही.

रोपाच्या चिठ्ठीवर ‘पूर्ण ऊन’ असे लिहिलेले असते, त्याचाही अर्थ जपून घ्यावा. ही सूचना ज्या बागांसाठी लिहिली जाते त्या बहुधा समशीतोष्ण देशांतील असतात. १८ अंश अक्षांशावरचे एप्रिलमधील दुपारचे ऊन निराळे.

तरीही लावायचेच असेल तर

हौसेला मोल नसते हे खरे. फॉर्मियम दिवेआगरात अशक्य आहे असे नव्हे, मात्र ते जमिनीत नव्हे, कुंडीत ठेवावे आणि चार-दोन वर्षांचा पाहुणा समजून ठेवावे. वाण निवडताना एकरंगी ब्राँझ किंवा साध्या पिवळ्या पट्ट्याचा घ्यावा. गुलाबी, केशरी, मलई अशा अनेक रंगांनी नटलेल्या पानांत हरितद्रव्य कमी असल्याने ते वाण मुळातच नाजूक असतात.

कुंडी ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची, मातीची आणि बुडाशी मोठी भोके असलेली असावी. प्लास्टिकच्या कुंडीत माती अधिक तापते आणि ओल कोंडते. भरण्यासाठी जांभ्या दगडाचा बारीक चुरा किंवा नदीची जाड वाळू २ भाग, चांगली माती १ भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत १ भाग असे मिश्रण घ्यावे. घराजवळ पुळण आहे म्हणून समुद्राची वाळू वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिच्यातील मीठ कुंडीत साठत जाते. ताजे शेणखत किंवा युरियाचा भरपूर हातही नको. नत्र अधिक झाले की पाने हिरवी, मऊ आणि लुसलुशीत होतात, पट्टे पुसट होतात आणि कूज लवकर शिरते.

लागवड हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करावी. रोपाला मुळे धरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार सुखाचे महिने मिळतात. मृगाच्या तोंडावर लावलेले रोप मुळे फुटण्याआधीच पाण्यात सापडते. रोप लावताना पानांचे बूड मातीच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहील असे पाहावे, खोल पुरू नये. हिवाळ्यात सकाळचे ऊन ११ वाजेपर्यंत मिळावे. मार्चपासून नारळाच्या विरळ सावलीत किंवा पूर्वेकडील पडवीच्या कडेला कुंडी हलवावी. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे. संध्याकाळी गाभ्यात ओतलेले पाणी रात्रभर तेथेच राहते.

जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली हवी, पण पागोळ्यांखाली नको. कौलांवरून पडणारी धार नेमकी गाभ्यात उतरली तर उघड्या पावसापेक्षाही वाईट. कुंडीखालची बशी काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाईल, गोगलगायींना लपायला जागा उरणार नाही आणि डासांचीही पैदास होणार नाही. पानांच्या बेचक्यात पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो पानांच्या बुडाशी खोल दडतो, त्यामुळे वरवर फवारून भागत नाही. निंबोळी तेल साबणाच्या पातळ द्रावणात मिसळून मऊ कुंचल्याने बेचक्यांत पोहोचवावे लागते.

पाने काढण्याच्या बाबतीत माओरी स्त्रियांचा जुना नियम आजही उत्तम आहे. फण्याच्या मधले कोवळे पान म्हणजे मूल आणि त्याच्या दोन बाजूंची पाने म्हणजे आई-बाप. या तिघांना हात लावायचा नाही, केवळ बाहेरची जुनी पाने तिरक्या कापाने बुडाशी काढायची. या कौटुंबिक दृष्टान्तात शास्त्रही आहे, कारण वाढीचा कोंब त्या तीन पानांच्या मधोमध असतो. एखाद्या फण्याला एकाएकी साधी हिरवी किंवा एकरंगी पाने येऊ लागली, तर तो फणा तेवढा मुळाशी वेगळा करून काढावा. हिरवी पाने अधिक अन्न तयार करतात, वेगाने वाढतात आणि रंगीत फण्यांना मागे टाकतात. रंगीत वाणाचे बी पेरून तोच रंग मिळत नाही. फणे विलग करूनच त्याची वाढ करावी लागते.

परदेशी असलेल्या नातेवाइकाकरवी रोप किंवा कंद सामानातून आणविण्याचा विचार कोणी करीत असेल, तर तो सोडून द्यावा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी रोपांसाठी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम कागदी नव्हे. न्यूझीलंडमध्ये खुद्द फ्लॅक्सलाच पाने पिवळी पाडून झाड मारणारा एक रोग होतो, आणि त्याचा सूक्ष्म जंतू रोपाच्या पेशींतूनच प्रवास करतो. ज्या गावाच्या वाड्या पुन्हा उभ्या राहत आहेत, त्या गावात अनोळखी रोग आणणे कोणालाच परवडणार नाही.

तेच रूप, मातीला मानवणारी झाडे

फॉर्मियमचे आकर्षण मुख्यतः दोन गोष्टींत आहे: पात्यासारखा ताठ आकार आणि पानांतील रंग. या दोन्ही गोष्टी देणारी, उष्ण व दमट हवेत वाढणारी झाडे रोपवाटिकांत सहज मिळतात, आणि खरे तर दिवेआगरच्या अंगणात तीच अधिक शोभतात.

सर्वांत जवळचे नाते डायनेलाचे. इंग्रजीत तिला फ्लॅक्स लिली म्हणतात आणि हे नाव या वेळी उगाच नाही; फॉर्मियम आणि डायनेला एकाच कुळातील आहेत. तिची एक जात भारतातही रानटी आढळते. बाजारात मिळते ती पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या पानांची, गुडघाभर उंचीची. पाने अरुंद, कमानदार आणि दाट. अर्ध्या सावलीत ती उत्तम वाढते, सकाळचे ऊन सोसते आणि निचरा बरा असेल तर जमिनीतही पावसाळा काढते. पायवाटेच्या दोन्ही कडांना ओळीने लावली की फॉर्मियमची उणीव बरीचशी भरून निघते. दोन वर्षांनी गड्डे विलग करून वाढविता येतात.

लाल रंग हवा असेल तर कॉर्डिलाइन. किरमिजी, गुलाबी, तपकिरी, हिरव्यावर लाल कडा असे तिचे असंख्य प्रकार आहेत. रोपवाटिकांत तिला सर्रास ड्रॅसिना म्हणून विकतात. शंका आल्यास मुळे पाहावीत. कॉर्डिलाइनची मुळे पांढरी आणि ड्रॅसिनाची पिवळसर-नारिंगी असतात. तिला दमट हवा मनापासून आवडते, त्यामुळे पावसाळा हा तिचा बहराचा काळ. उन्हाळ्यात मात्र दुपारचे ऊन आणि खारा वारा तिच्या पानांच्या कडा करपवितो. घराच्या समुद्राकडील बाजूस ती लावू नये. घराच्या आडोशाला, वाडीच्या अंगाला लावावी. एप्रिल-मेमध्ये पानांच्या खालच्या बाजूस कोळ्यांचा उपद्रव होतो, त्यासाठी पाने खालून पाण्याने धुणे पुरते. उंच वाढून खालून उघडी पडलेली काठी छाटून तिचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले की डोळ्याडोळ्याला नवे रोप फुटते. एका चांगल्या झाडापासून शेजारच्या चार घरांची सोय होते.

समुद्राच्या तोंडावर, उघड्या उन्हात मात्र फर्क्रिया. घायपाताच्या नात्यातील हे झाड. त्याच्या मलई रंगाच्या रुंद पट्ट्यांच्या पानांचा भला मोठा झुबका दुरून थेट फॉर्मियमसारखा भासतो. मॉरिशस हेम्प या नावाने त्याच्याही तंतूचा व्यापार झाला, म्हणजे तंतूची परंपराही येथे जुळते. ऊन, वारा, खारेपणा यांपैकी कशाचीच तक्रार नाही. अट एकच: पुळणीचा वरवंटा करून, हातभर उंच उतारावर ते लावावे, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. त्याला मोठी जागा लागते. दाराजवळ किंवा मुलांच्या वाटेवर लावू नये. कित्येक वर्षांनी एकदाच त्याला उंच दांडा येतो, त्यावर शेकडो लहान रोपे धरतात आणि मूळ झाड वाळून जाते. ते मेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

आणि केवडा. दिवेआगरच्या किनाऱ्यावर सुरूंच्या जोडीने केवड्याची बने आहेत. गावाची ओळख त्यांच्याशी बांधलेली आहे. तलवारीच्या पात्यासारखे पान पाहण्यासाठी न्यूझीलंडपर्यंत जाण्याची वास्तविक गरजच नव्हती! केवड्याच्या भाईबंदांपैकी पांढऱ्या कडांचा आणि मध्यभागी सोनेरी पट्टा असलेला, असे दोन शोभिवंत प्रकार रोपवाटिकांत मिळतात. सोनेरी पट्ट्याचा बहुधा बिनकाट्याचा असतो, आणि अंगणासाठी तोच बरा. सुगंधी कणसाची अपेक्षा यांच्याकडून ठेवू नये. तो मान रानच्या केवड्याचा, त्यातही नर झाडाचा. बुडाशी येणारे फुटवे काढून लावले की नवे झाड तयार होते. पानांच्या बेचक्यात पाणी साचते, त्यामुळे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते ढवळून किंवा झारीच्या जोरदार धारेने बाहेर काढावे, नाहीतर डास होतात. किनाऱ्यावरच्या बनातून केवडा उपटून आणण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्याची आधारमुळे वाळूचे ढिगारे धरून ठेवतात. वादळात लाटेपुढे पहिला उभा राहतो तो हाच ढिगारा. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे, ते याच कारणाने.

या मोठ्या झाडांच्या पायथ्याशी ऱ्होइओ लावावा. वरून हिरवी आणि खालून जांभळी पाने असलेले हे वीतभर झुडूप ऊन आणि सावली दोन्ही सोसते. त्याचा चीक काही जणांच्या त्वचेला खाजवितो, तेवढे हात जपावेत.

आजचे ऊन, पाच वर्षांनंतरची सावली

आगर या शब्दाचा अर्थच नारळी-पोफळीची बाग, आणि दिवेआगरच्या जुन्या वाडीचे खरे भांडवल तिची सावली हे होते. नारळ वर, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरी, खाली केळ, जायफळ, अळू, अशी मजल्यांची रचना. तळाला पोहोचणारा प्रकाश मऊ आणि गाळलेला असे. रंगीत पानांची बहुतेक झाडे अशाच प्रकाशासाठी बनलेली आहेत. वादळाने वरचे दोन मजले नेले तेथे तळाला थेट ऊन पोहोचले, आणि सावलीची सवय असलेली पाने करपण्याचे कारण खत किंवा रोग नसून हेच असते. पांढरा किंवा गुलाबी भाग आधी करपतो, कारण तेथे उन्हाचा मारा पचविणारे हरितद्रव्य नसते. तांबडा-जांभळा रंग देणारे द्रव्य मात्र काही अंशी पानाचे ऊन अडविते, म्हणून उघड्या जागी पांढऱ्यापेक्षा तांबड्या पानांचे वाण टिकतात.

मात्र नव्या पोफळी दरवर्षी उंच होत आहेत. आज उन्हात शोभणारा फर्क्रिया पोफळींच्या मध्ये लावला तर काही वर्षांनी तो सावलीत जाऊन निस्तेज होईल आणि तोवर इतका मोठा झालेला असेल की हलविणे कठीण. म्हणून वाडीच्या आत काय लावायचे ते आजच्या उन्हाकडे न पाहता येणाऱ्या सावलीकडे पाहून ठरवावे. तेथे कॉर्डिलाइन आणि डायनेला लावाव्यात आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांच्या नैर्ऋत्येस केळीची ओळ आडोशाला ठेवावी. ती सावलीही देईल आणि घडही. फर्क्रिया, ऱ्होइओ यांना दर्शनी अंगणात, रस्त्याच्या कडेला कायमचे ऊन असलेल्या जागी स्थान द्यावे.

पोफळीच्या आळ्यात मात्र शोभेचे काहीही लावू नये. पोफळीची खाद्यमुळे वरच्या थरात, खोडाभोवती पसरलेली असतात, आणि नव्या पोफळीच्या तोंडचे पाणी-खत रंगीत पानांनी खावे हा सौदा तोट्याचा आहे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात जो मान आहे तो कोणत्याही रंगीत पानाला मिळणार नाही. वाडीत मोकळी जागा उरली असेल तर तेथे आधी मिरी, दालचिनी, जायफळ यांचा विचार करावा. नारळाच्या बागेत मसाल्याची पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पुढे आणलेली पद्धत त्यासाठीच आहे, आणि विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनलाच असल्याने सल्ल्यासाठी लांब जावे लागत नाही. शोभेच्या झाडांना कडा, पायवाटा, विहिरीचा कठडा आणि अंगण पुरेसे आहे.

वाडीतील टाकाऊ मालच या झाडांचे उत्तम खाद्य होय. नारळाची सोडणे उताणी करून खड्ड्याच्या तळाशी घातली तर पुळणीत ओल टिकते; मात्र ती आधी पावसाचे एक-दोन महिने भिजवून खारेपणा आणि चीक जाऊ द्यावा. पोफळीच्या विऱ्या आणि वाळलेली पाने यांचे आच्छादन फेब्रुवारी ते मे बुडाशी पसरावे आणि मृगापूर्वी खोडापासून वीतभर दूर सारावे. तेच आच्छादन पावसात बुडाला चिकटून राहिले तर कूज धरते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या दिवसांत पानांच्या टोकांना तपकिरी जळका रंग चढू लागला तर खत वाढवू नये. पाणी थोडे थोडे रोज देण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे साठलेले मीठ मुळांखाली वाहून जाते. पावसाळ्यात जोराचा खारा वारा सुटून पाऊस उघडला, तर त्याच दिवशी पाने गोड्या पाण्याने धुवावीत.

विरळणी आणि फणे वेगळे करण्याचे काम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये उरकावे. कापलेल्या भागाला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मगच लावावे. फॉर्मियमची कुंडी दोन पावसाळे पार पडली असेल, तर तिसऱ्या ऑक्टोबरात तिचे फणे वेगळे करून निदान एक कुंडी शेजाऱ्याकडे ठेवायला द्यावी. एकाच पडवीत दोन्ही कुंड्या ठेवल्या तर दोन्ही एकाच पागोळीखाली सापडण्याचा धोका राहतो.